चहा निवलाय

आमच्या वाडीत खताचा ढीग मुरला की नाही, हे हाताने ठरतं. उजवा हात कोपरापर्यंत ढिगात घालायचा आणि एक लवंगेची सिगारेट जळून संपेपर्यंत आत ठेवायचा. हात सुखाने राहिला तर खत मुरलं, भरा टोपल्या आणि लावा कांद्याची रोपं. मधेच ओढून घ्यावा लागला तर खत कच्चं, पुन्हा खाली-वर करा, आणखी आठ दिवस थांबा. डावा हात चालत नाही. डाव्या हाताने आम्ही पाहुण्याला पाणी देत नाही, मग जमिनीला तिचं जेवण कसं देणार?

हा हात ज्याने त्याने आपला घालायचा नसतो. वाडीचा एक हात ठरलेला असतो. तेहतीस वर्षं तो माझ्या सासऱ्याचा होता. तासिमिन त्याचं नाव, पण वाडीत सगळे त्याला 'हात'च म्हणायचे. हाताला बोलवा, हात आज चिडलाय, हाताने नाही म्हटलं. तोंडावर मी त्याला आबा म्हणते, मनात मात्र एकेरीच, आणि इथेही तसंच बोलणार आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा अठरा वर्षांची होते. माझ्या माहेरी खत डोळ्यांनी बघायचे, काळं आणि भुसभुशीत झालं की टाकायचे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी शहाणपणा करून, कुणाला न विचारता, एक टोपली कोबीला घातली. चार दिवसांत कोबी पिवळा पडला. सासरा ओरडला नाही. त्याने आजूबाजूच्या चार बाया बोलावल्या, मला ढिगाशी उभं केलं आणि म्हणाला, "घाल हात, सूनबाई. कच्चं म्हणजे काय ते हातालाच कळू दे. डोक्याला तुझ्या कळायचं नाही."

बाया हसल्या. मी हात घातला. सिगारेट त्याच्या बोटांत होती आणि तो ती ओढतच नव्हता. विझायला आली की एक हलकासा झुरका, की पुन्हा नुसती धरून उभा. न ओढलेली सिगारेट किती वेळ जळते, हे मला त्या दिवशी कळलं. कोपराच्या आतल्या अंगाला अजून चट्टा आहे, गुळगुळीत, तळव्याएवढा. नवऱ्याने चट्ट्याला खोबरेल लावलं आणि बापाला एक शब्द विचारला नाही. माझ्या नवऱ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तर त्या हाताची गोष्ट. आमच्या या डोंगरावर थंडी बारा महिने, त्यामुळे घरातले सगळे, आले-गेलेलेही, चुलीभोवतीच बसतात. एका सकाळी सासरा पाहुण्यांशी बोलत बटाटे भाजत होता. एक निखारा उडून त्याच्या उजव्या हातावर बसला. तो बोलतच राहिला. केस जळाल्याचा वास मला आला, त्याला नाही. मी चिमट्याने निखारा उचलला. पाहुणे गेल्यावर विचारलं, "कधीपासून, आबा?"

"काय कधीपासून?"

"हात मेलाय तुमचा."

त्याने अंगावर पांघरलेलं सारोंगचं कापड खांद्यावरून खाली ओढून हात झाकला. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला पहिल्यांदा बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"गेल्या कांद्यापासून," तो म्हणाला. "बोटं हलतात. गरम-गार कळत नाही. कुणाला बोललीस तर याद राख."

"मी कशाला बोलतेय? पण ढिगांचं काय करणार? पंचवीस घरं आहेत."

मग त्यानेच मार्ग काढला. अक्कल होती त्याला, ते नाकारत नाही. ज्याचा ढीग बघायचा त्याच्याकडे मी पहाटे काहीतरी निमित्त काढून जायचं, गुपचूप हात घालून बघायचा. नंतर सगळे जमले की हाताला आधी चहा द्यायची आमच्यात रीत आहे, तो चहा मी न्यायचा. "चहा निवलाय, आबा," असं म्हटलं की खत मुरलेलं, त्याने खुशाल हात घालून राहायचं. "गरम आहे अजून," म्हटलं की घातल्यासारखं करायचं आणि तोंड वाकडं करून ओढून घ्यायचा.

"आणि मला काय?" मी विचारलं.

"तुला काय हवंय?"

"खालची बाग. झऱ्याजवळची. विजीच्या नावाने."

विजी माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. आमच्या वाटणीला वरचा उतार होता, जिथलं खत पहिल्या जोराच्या पावसात वाहून दुसऱ्याच्या शेतात जातं. वर्षभर शेण वाहायचं आणि पीक शेजाऱ्याचं तरारायचं. खालच्या बागेची माती तीन पिढ्या खत खाऊन काळी झालेली. मूठ आवळली की लाडू व्हायचा, बोट लावलं की मोडायचा. माझ्या पोरीने माझ्यासारखं उतारावर मरू नये, एवढंच मला हवं होतं.

"सासऱ्याशी सौदा करतेस?" तो हसत म्हणाला.

"सासऱ्याशी नाही. हाताशी करतेय."

त्याने चुलीच्या दगडाला हात लावला आणि "दिली" म्हणाला. चुलीच्या दगडावरचा शब्द आमच्यात मोडत नाहीत. उजवाच हात लावला. दगड तापलेला होता, पण त्याला काय त्याचं.

दोन वर्षं हे असं चाललं. पहाटे माझा हात, सकाळी त्याचं नाव. एकदाही चूक झाली नाही. लोक म्हणायचे, म्हातारा झाला पण हात अजून सोन्याचा आहे. मी चहाचा पेला घेऊन मागे उभी असायचे. सिगारेट धरायचं कामही त्याने माझ्याकडे दिलं होतं, म्हणजे मी भराभर झुरके घेऊन ती लवकर संपवायचे.

मग लास्त्री परत आली. लास्त्री त्याची धाकटी लेक. नवऱ्याने सोडलं होतं, मूलबाळ नव्हतं, एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. वाईट बाई नाही ती. आल्या दिवसापासून माझ्याबरोबर राबली, विजीची वेणी घातली, विजी तर आत्या आत्या करत तिच्या मागेच असायची. महिन्याभराने घरात पूजेचं जेवण होतं, पांढऱ्या मक्याचा भात आणि कोंबडी, सगळी वाडी जेवायला. सासरा हात धुऊन उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "खालची बाग मी माझ्या लेकीला दिली. एक पीक नीट काढलं तर ती इथेच राहील. नाहीतर शहरात जाऊन लोकांची भांडी घासायची पाळी येईल तिच्यावर."

लोकांनी माना डोलावल्या. लास्त्री रडली. मी भांडी उचलली.

दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं. "आबा, चुलीच्या दगडाला हात लावला होतात."

"लावला होता?" तो म्हणाला. उजवा हात वर करून त्याने उलटसुलट करून बघितला. "मला तर काही जाणवलं नाही."

आणि हसला. इतका हसला की खोकला लागला, आणि पाणी मीच आणून दिलं.

लास्त्रीने ढीग रचला तो माझ्याच मदतीने. खालच्या मुलखातून आलेलं कोंबडखत, आमच्या गाईचं शेण, सुरूची वाळकी पानं, चुलीतली राख. थर नीट लावले तिने, आठवड्याला खाली-वर केला. पण कोंबडखत ताजं होतं आणि तिसराच आठवडा चालू होता. रोपं मात्र तयार होऊन बसली होती, आणखी थांबली असती तर जून झाली असती. "वहिनी, आबांना बोलवूया का? बघू तरी," ती म्हणाली. मी म्हटलं, बोलव.

त्या पहाटे मी ढिगात हात घातला. चार मोजेपर्यंत ठेवता आला नाही. आत नुसतं उकळत होतं. मी तिथेच उभी राहिले, हात सारोंगमध्ये गुंडाळून. विचार करायला वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही. भरपूर वेळ होता. मी आमच्या घरचं गेल्या वर्षीचं गार खत दोन टोपल्या आणलं, ढिगावर वीतभर पसरलं, वर पाणी शिंपडलं आणि घरी येऊन चहा ठेवला.

सकाळी दहा-बारा जण जमले. धुकं दाट होतं. सासरा नवीन टोपी घालून आला, लेकीचा ढीग ना. मी पेला पुढे केला.

"चहा निवलाय, आबा."

त्याने एक घोट घेतला, पेला माझ्याकडे दिला, बाही वर केली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. मी सिगारेट पेटवली. आणि ओढली नाही.

"आबा," लास्त्री वाकून बघत म्हणाली, "वाफ येतेय का हो? कडेने बघा ना."

"धुकं आहे ते."

"नाही, वाससुद्धा उग्र…"

"तेहतीस वर्षं हात मी घालतोय की तू?" तो तिच्यावर खेकसला. "नवऱ्याच्या घरी हेच करत होतीस वाटतं, म्हणूनच हाकललं."

लोक हसले. लास्त्री मागे सरकली, लाल होऊन. सासऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं. सिगारेट अर्धीही झाली नव्हती. मी मान डोलावली, राहू द्या म्हणून. विझायला आली तेव्हा एक हलकासा झुरका घेतला. त्याच्या कपाळावर घाम नव्हता, चेहरा शांत होता, शेजारच्या म्हाताऱ्याशी तो गाईच्या पान्ह्याबद्दल बोलत होता. आणि त्याच्या हाताचं आत काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण मी ते भोगलेलं होतं. तरी मी शेवटपर्यंत धरली. बोटाला चटका बसला तेव्हा टाकली.

"मुरलंय," त्याने सांगितलं. "आजच लावा." हात काढला आणि नेहमीसारखा सारोंगखाली घेतला. थंडीत सगळेच घेतात, कोण बघतंय.

सगळ्यांनी मिळून दुपारपर्यंत टोपल्या वाहिल्या आणि लास्त्रीने शेवटचं रोप लावलं.

संध्याकाळी चुलीशी आम्ही दोघंच होतो. त्याने गुडघ्यावर टेकायला हात बाहेर काढला आणि बघतच राहिला. उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी कातडी सारोंगला चिकटून निघून आली होती. खाली लाल, ओलं. त्याने डाव्या हाताचं बोट तिथे लावून बघितलं. दाबून बघितलं. मग माझ्याकडे वळला.

"तारसी. चहा निवला होता ना?"

"मला तर काही जाणवलं नाही," मी म्हणाले.

ओरडला असता तर शेजारी आले असते, आणि शेजारी आले असते तर आधी दोन वर्षांचं सांगावं लागलं असतं. त्याने सारोंग पुन्हा वर ओढलं. मी भात वाढला. तो डाव्या हाताने जेवला, जन्मात पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी कांदा पिवळा पडला, सातव्या दिवशी आडवा. लास्त्री वाफ्यात बसून एकेक रोप उपटून बघत होती. मुळं करपून तपकिरी झाली होती. एकही पांढरं नाही. वाडी गोळा झाली तेव्हा ती बापाला एवढंच म्हणाली, "आबा, तुम्ही मुरलंय म्हणालात."

त्याला अजूनही खरं बोलता आलं असतं. लेकीसाठी. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"पाणी जास्त घातलंस तू," तो म्हणाला. "तुझ्या हातालाच गुण नाही. बागेला काय दोष आणि खताला काय?"

लास्त्री चार दिवसांनी तीच पिशवी घेऊन शहरात गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, तू नसतीस तर मी इतके दिवसही राहिले नसते," म्हणाली. विजी तिच्यामागे रस्त्यापर्यंत पळत गेली. मी चूल फुंकत बसले. धूर होता डोळ्यांत, दुसरं काही नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

हात त्याने झाकूनच ठेवला. मी मलम लावते म्हटलं तर लावू देईना. माशा येऊ लागल्या तेव्हा लोकांना कळलं. खालच्या मुलखात इस्पितळात नेईपर्यंत हात काळा झाला होता. कोपराखाली कापला. परत आला तेव्हा वाडीने दोन दिवसांत नवीन नाव पाडलं. पूर्वी 'हात आला' म्हणायचे, आता 'कोपर आलं' म्हणू लागले. त्याच्या तोंडावर. ज्या चार बाया माझ्यावर हसल्या होत्या, त्याच जास्त.

लास्त्री गेल्यावर खालच्या बागेला दुसरं कुणी उरलं नाही, ती मला मिळाली, म्हणजे विजीला. आणि वाडीचा हातही मीच झाले. हाताच्या घरातली आहे, शिकली असेल, असं लोकांचं म्हणणं. बाईमाणसाचा हात आमच्यात पहिल्यांदाच. मला वाटलं, संपलं. मी जिंकले.

पहिल्याच महिन्यात पुजारी आणि दोघं-तिघं चुलीशी बसले होते. मी चहा ओतला, उकळता. सासरा म्हणाला, "सूनबाई, निवलाय का चहा?"

"गरम आहे, आबा."

"असं? पिऊन सांग बरं." मग पाहुण्यांकडे वळून, "आमच्या सुनेला गरम-गार फार कळतं. तिने निवलाय म्हटल्याशिवाय मी तोंड लावत नाही. माझा हात तिच्या भरवशावर होता."

तो हळू बोलत होता, गोड. मला लगेच समजलं. हात गेल्यावर त्याच्याकडे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळं माझ्याकडे आलं होतं, बाग आली होती, मान आला होता, आणि त्याबरोबर लपवणंही. त्याने तोंड उघडलं असतं तर मला वाडीतून दगड मारून काढलं असतं.

मी पेला उचलला आणि प्यायले. जीभ, टाळू, सगळं सोलून निघालं.

"निवलाय?"

"निवलाय, आबा."

"मग संपव तो. मला दुसरा दे."

तेव्हापासून रोज. पाहुणे असोत नसोत. तीन वर्षं. जिभेला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. मग यायचे थांबले. आता भाजीत मीठ किती ते मला कळत नाही, मिरची कळत नाही, चहा गरम की गार ते कळत नाही. घसा मात्र अजून जिवंत आहे. गेल्या महिन्यात दोनदा घसा पोळला, तीन-तीन दिवस भात गिळता आला नाही. म्हातारा समोर बसून बघतो. त्याला समजलंय. आपल्या हाताचं समजलं होतं तसंच.

शेवटी मी विजीला बाजूला घेतलं. पंधरा वर्षांची झालीय, उंच, माझ्यासारखी कमी बोलते. म्हटलं, "चहा आता तू करत जा. थोडा निवू दे, मग दे. आणि देताना मला सांग, म्हणजे मी घोट घेईन."

"तुला कळत नाही?"

"नाही कळत."

तिने ओले हात सारोंगला पुसले. मग म्हणाली, "आणि मला काय?"

मी हसलेच. कुणाची पोर, म्हटलं. "तुला काय हवंय?"

"लास्त्री आत्याकडे जायचंय. शहरात. तिथे शिकेन, काम करेन. मला बाग नको."

"बरं, जा."

"चुलीच्या दगडाला हात लाव."

मी लावला. चटका बसला, माझा हात अजून शाबूत आहे. पंधरा दिवस चहा बरोबर आला. परवा ती पिशवी भरू लागली तेव्हा मी म्हटलं, आता कसली जातेस, खत टाकायचं आलंय, कांदा निघू दे, मग बघू. आणि बाग तुझ्या नावाने आहे, तुला शहर कशाला? तिने पिशवीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले.

आज सकाळी पुजारी आला, शेजारचे दोघं आले. खालच्या बागेचा ढीग मुरला का ते बघायला मला न्यायचं होतं, म्हणून आधी चहा. म्हातारा थोटकं कोपर चुलीकडे करून बसला होता. "सूनबाई," तो म्हणाला, "निवलाय का?"

मी विजीकडे बघितलं. सगळे बघत होते. तिने पेला माझ्यापुढे धरला, दोन्ही हातांनी, नीट, वाकून.

"निवलाय, आई," ती म्हणाली.

पेला तिने सारोंगच्या टोकात धरला होता, चटका बसू नये म्हणून.